ऐकण्याचं खातं

"काका, कान अगदी ठणठणीत आहेत तुमचे," कान तपासणारी मुलगी म्हणाली. तिने घड्याळजीच्या डोक्यावरचे जाडजूड हेडफोन उतरवले, खोलीचं दार ढकललं, आणि बाहेरचा सगळा गलका एकदम आत घुसला. "माझ्यापेक्षा चांगले. या वयात एवढे बारीक आवाज ऐकणारा माणूस मी तरी पाहिला नाही. काकूंना जाऊन सांगा, यापुढे यांचे बहाणे चालायचे नाहीत."

हा विनोद ती येणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला ऐकवत असणार, आणि प्रत्येक नवरा हसतही असणार. घड्याळजी हसला नाही. कपाटाएवढ्या त्या खोलीत, भिंतींना चिकटवलेल्या खडबडीत फोमकडे तोंड करून, तो तपासणीचं बटण हातात धरून तसाच बसून राहिला. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम होतं. तपासणीत पहिला आवाज आला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. चला, अगदीच दगड झालो नाही. दुसरा आला, तिसरा आला. मग आवाज बारीक होत गेले, आणखी बारीक, शेवटी तर मुंगीने लांबच्या मुंगीला शीळ घालावी इतके बारीक, आणि त्याचा अंगठा आपला दाबतोच आहे, दाबतोच आहे. कुठेतरी मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण आता आवाज येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो आहोत. देवा, हा एक तरी चुकू दे. एकही चुकला नाही. कान चांगले होते. मग घरी बायको का वाजत नव्हती?

बायको वाजते, असं तो दुकानात सांगायचा तेव्हा गिऱ्हाइकं हसून लोटपोट व्हायची. तो तर आणखी रंगवून सांगायचा. म्हणायचा, आमच्याकडे पाहुणा राहायला आला आणि बॉम्ब आहे बॉम्ब म्हणत चादरीसकट रस्त्यावर पळाला. म्हणायचा, गावातल्या टॉवरचं घड्याळ मी आमच्या हिच्यावरून लावतो, आणि ती जिना चढून आली की आख्खं शहर ऑफिसात लवकर पोचतं. थापा. पण थापेच्या पोटात खरं एवढं होतं की तिच्या छातीत धातूची झडप होती. लहानपणी सांधे धरून ताप आला, त्या तापाने हृदयाची मूळची झडप कुरतडून ठेवली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, जिना चढताना तिचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा सर्जनने छाती उघडून तिथे नवी बसवली. नखाएवढ्या दोन पाकळ्या. उघडायच्या, मिटायच्या, आणि मिटताना टक् करायच्या. सर्जन दांडगा, थट्टेखोर माणूस. म्हणाला, "घड्याळजी, बायकोला तुमच्याच धंद्यात आणून ठेवलीय. किल्ली द्यावी लागणार नाही, पण तेल रोज." तेल म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. अपघाताभोवती रिकामटेकडे जमावेत तसं रक्त त्या परक्या धातूभोवती जमायला बघतं. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर साध्या खरचटण्याचं रक्त थांबायचं नाव घेत नाही. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, आज ढीगभर पालेभाजी आणि उद्या पानही नाही असं करायचं नाही, कुणी दात काढायचा म्हटला तरी आधी विचारायचं. हे सगळं सांगून झाल्यावर दारापर्यंत गेलेला सर्जन मागे वळला होता. तोंडावरची थट्टा त्याने पुसल्यासारखी काढून टाकली होती. "आणि एक. आवाज दबला, नाहीतर बंद झाला, तर विचार करत बसू नका. धावत या."

धावत या. घड्याळजी उठला, मुलीने पुढे केलेला कागद न घेताच बाहेर पडला, आणि फुटपाथवर आल्यावर त्याने घरी फोन लावला.

त्याच्या घरातला फोन तीनदा वाजलेला कुणी ऐकलेला नाही. बायको जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. लांबच्या गावांचे फोन जोडून द्यायची, वेळ संपली की मध्येच नाक खुपसून "आपली तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" म्हणायची. नोकरी संपली, एक्स्चेंज मोडीत निघालं, त्या जागी चपलांचं दुकान आलं. हिची सवय काही गेली नाही. घरचा फोन वाजला की हातातलं टाकून निघायची आणि पहिली घंटा विझायच्या आत "हॅलो?" म्हणायची. त्या हॅलोत असा काही गोड हेल असायचा की चुकीचा नंबर लावलेला माणूससुद्धा दोन शब्द बोलून जायचा. घड्याळजीही त्या हॅलोलाच फसला होता. एक्स्चेंजमधलं भिंतीवरचं मोठं घड्याळ मागे पडतंय म्हणून त्याला बोलावलं होतं. शिडीवर चढून तो घड्याळाच्या पोटात हात घालून उभा, आणि खाली ओळीने बसलेल्या बायकांमधून एकीचा आवाज सारखा वर येतोय: हॅलो, हॅलो, हॅलो. त्याने घड्याळ दुरुस्त केलं आणि जाता जाता थोडं मागे पडेल असं करून ठेवलं, म्हणजे पुन्हा बोलावतील. हेही तो दुकानात सांगायचा. ही थाप आहे की खरं, हे बायकोलाही कधी कळलं नाही. "तुमच्या त्या घड्याळापायी," ती म्हणायची, "आख्ख्या गावाने फुकट गप्पा मारल्या, आणि बोलणी मी खाल्ली."

फोन वाजत होता. वाजतच होता. घड्याळजी चालायला लागला, मग भराभर चालायला लागला. फोन कानाला तसाच होता आणि त्यातली घंटा एकदा थांबली, तुटली, त्याने पुन्हा लावला. न्हाणीघरात असेल. खाली भाजीला गेली असेल. शेजारणीशी बोलत असेल, तिला बोलायला काय, भिंत पुरते. सिग्नलला गाड्या अडलेल्या होत्या आणि त्या गाड्यांचे आवाज त्याला वेगवेगळे ऐकू येत होते: कुणाचा पट्टा सैल झालाय, कुणाच्या इंजिनात वाळू शिरलीय, एका पोराच्या सायकलीची साखळी कोरडी पडलीय. इतके दिवस हे सगळं ऐकू येतच होतं की. मग आपल्याला कुणी सांगितलं की आपण बहिरे होतोय? चष्मेवाल्याने. शेजारच्या गाळ्यातला हा चष्मेवाला, दोघांच्या दुकानांत एकच भिंत. महिन्यापूर्वी कधीतरी दारात येऊन ओरडला होता, "अरे घड्याळजी! हाका मारून घसा बसला माझा. डोळे माझ्याकडे तपासतोस, कान कुणाकडे टाकलेत दुरुस्तीला? आता ते गेले समज. आधी बारीक आवाज जातात, मग बायकोचा, तो गेला की माणूस सुखी." घड्याळजीने तेव्हा डोळ्याला भिंग लावलं होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती, अशा वेळी त्याला कधीच हाक ऐकू आलेली नाही, विशीतही नाही. पण ते वाक्य कानात गेलं ते कुसळासारखं रुतून बसलं. आणि त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी जाग आली तेव्हा, बाजूला ती झोपलेली होती आणि टिकटिक नव्हती.

घरात दुसरी टिकटिक नव्हतीच. ऑपरेशननंतर घरी आल्या दिवशीच तिने दम भरला होता, "माझ्या छातीत एक बसवलंय, आता भिंतीवर दुसरं नको. मला सवत चालायची नाही." घड्याळजीने भिंतीवरची, कपाटावरची सगळी घड्याळं बंद करून दुकानात नेली. घड्याळजीच्या घरात वेळ बघायला घड्याळ नाही, यावरून चष्मेवाल्याने वर्षभर खेचली. मग घरात कामं वाटली गेली. खाती म्हणायची ती. "गोळ्यांचं खातं माझं," ती म्हणाली, "गोळी, रक्ताची तपासणी, पालेभाजी, सगळं मी बघते, तुम्ही त्यात लुडबुड करायची नाही. ऐकण्याचं खातं तुमचं. मला स्वतःची टिकटिक थोड्या दिवसांनी ऐकू येईनाशी होणार, आपलं घोरणं आपल्याला कुठे ऐकू येतं? तुम्हाला येतं ऐकू, चांगलंच येतं." आणि खरंच तसं झालं. तिला ऐकू येईनासं झालं. त्याला मात्र ते घराच्या भिंतीसारखं झालं. ती रागावून अबोला धरायची तेव्हा तो म्हणायचा, "तू नाही बोललीस तरी तुझी झडप बोलते. केवढ्या रागात आहेस ते मला मोजता येतं." ती उशी फेकून मारायची, आणि टिकटिक आणखी जोरात व्हायची, आणि दोघांनाही हसू यायचं. मूल झालं नाही. होऊ द्यायचं नव्हतं, तेवढी ताकद त्या हृदयात नव्हती. घरात लहान आवाज म्हणून जो काय होता तो हाच.

आणि रोज सकाळी, रस्ता जागा व्हायच्या आधी, चहा टाकायला उठायच्या आधी, ती डोळे मिटूनच विचारायची, "लाइन चालू आहे का?" तो क्षणभर ऐकायचा आणि सांगायचा, "चालू आहे." मग ती उठायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्याला विचारणं आणि सांगणं कुणी म्हटलं नसतं. दात घासावेत तसं ते होतं.

त्या सकाळी तिने विचारलं, आणि त्याने कान दिला, आणि काही नव्हतं. अगदीच काही नव्हतं असंही नाही. कापडात गुंडाळून कुणीतरी लाकडावर ठोकावं तसं काहीतरी खोल, मऊ. टक् नव्हतं. तो घाबरला. आणि घाबरला तो आपल्यासाठी. हे आठवलं तेव्हा रस्त्याच्या मधोमध तो थांबलाच, आणि मागच्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकं काढून "मरायचंय का म्हाताऱ्या?" असं प्रेमाने विचारलं. आपल्यासाठी. कान गेले. घड्याळजीचे कान गेले म्हणजे काय राहिलं? घड्याळ उघडायच्या आधी तो ते कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि कुठलं चाक आजारी आहे ते सांगायचा. गावात हीच त्याची कीर्ती. हल्ली दहांतली नऊ घड्याळं बॅटरीची, त्यांना ऐकायला काही नसतंच. पण दहावं यायचं, आणि ते त्याच्याकडेच यायचं. आता तेही संपलं, असं त्याला त्या अंथरुणात वाटलं. आणि बाजूला ती डोळे मिटून उत्तराची वाट बघत होती. "अहो? लाइन चालू आहे का?" आणि तो म्हणाला, "चालू आहे."

दुसऱ्या दिवशीही म्हणाला. तिसऱ्याही. दुकानात गेल्यावर एक घड्याळ उचलून कानाशी धरलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता, पण ज्याला नापास व्हायची धास्ती असते तो परीक्षेच्या खोलीकडे फिरकत नाही. त्याने एकही घड्याळ कानाशी धरलं नाही. भिंतीवरची सगळी मिळून टिकटिकत होती, त्या कालव्यात काय कळणार? आणि घरी कारणं तयारच होती. ती हल्ली उशीला उशी लावून झोपायला लागली होती, आधी दोन, मग तीन, बसल्यासारखीच. त्याला वाटलं, छाती वर गेली, आवाज लांबला. ती जिन्यात मध्येच थांबून शेजारणीच्या कुंडीतल्या रोपाचं कौतुक करायला लागली होती. त्याला वाटलं, हिला कधीपासून झाडांची आवड? बारीक आवाज आधी जातात, तो स्वतःशी म्हणायचा. मग बायकोचा. अशी सगळी घड्याळजीगिरी त्याने स्वतःचा बहिरेपणा शाबीत करायला वापरली, आणि सर्जनचं दारातलं ते वाक्य, ते मात्र मनात यायला लागलं की तो कूस बदलायचा. शेवटी रोज सकाळचं ते खोटं त्याला सांगवेना. आज मात्र सुटे भाग आणायला जातो असं सांगून तो कान तपासायला गेला होता. बहिरा निघालो तर तिला सांगून टाकू, ऐकण्याचं खातं आता माझ्याच्याने होत नाही, दुसऱ्या कुणाला दे. एवढंच त्याने मनात ठरवलं होतं.

फोन वाजत राहिला आणि तो पळायला लागला. या वयात पळणारा माणूस काय दिसतो ते दुकानदार बघत होते. बिल्डिंगच्या दारात आल्यावर त्याला वरच्या मजल्यावरून आपल्याच फोनची घंटा ऐकू आली, हातातल्या फोनमध्ये एक आणि जिन्यातून एक, दोन्ही मागे-पुढे.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. ओट्यावर अर्धवट चिरलेली भाजी. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवलेले, खांदे वर-खाली, आणि ओठांना तोच जुना निळा रंग.

"ऐकू येत होता हो," ती म्हणाली. एक-एक शब्द पायरीवरून उतरवावा तसा. "पण उठवेना. कोण होतं?"

"मीच होतो."

"मग कशाला... एवढं वाजवत होतात? मला वाटलं... कुणीतरी मेलं."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या छातीवर कान टेकवला. त्या ठणठणीत कानांना सगळं ऐकू आलं. श्वासाबरोबर खाली साचलेलं पाणी बुडबुडतंय, हृदय घाईघाईने ठोकतंय, आणि जिथे टक् व्हायला हवं तिथे चिखलात पाय पडावा तसा आवाज.

"चालू आहे ना?" तिने वरून विचारलं. तो उठून जिन्याकडे धावला. खाली जाऊन गाडी थांबवली, कोपऱ्यावरच्या दुकानातून चष्मेवाल्याला हाक मारून आणलं, आणि दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. चष्मेवाला सारखा म्हणत होता, "वहिनी, घाबरायचं नाही, काही नाही होत," आणि स्वतः इतका घाबरला होता की डोळ्यांवरचा चष्मा शोधत होता.

थट्टेखोर सर्जन कधीच निवृत्त झाला होता. आता हृदयाची डॉक्टर होती ती एक तरुण, बारीक चणीची बाई, बोलताना बोटातली अंगठी फिरवायची. तिने पडद्यावर दाखवलं. दोन पाकळ्यांपैकी एक उघडत-मिटत होती, अर्धवट. दुसरी जागच्या जागी. "गुठळी बसलीय तिच्यावर. तुमच्या घड्याळात कचरा अडकला तर काय करता?"

"उघडतो. साफ करतो."

"आम्हीही तेच केलं असतं. पण त्यांच्यात उघडून घ्यायची ताकद नाही, टेबलावरच जातील. दुसरा मार्ग म्हणजे शिरेतून औषध देऊन गुठळी विरघळवायची. बहुतेक वेळा विरघळते." ती थांबली. अंगठी फिरली. "विरघळताना एखादा तुकडा सुटू शकतो. सुटला तर तो रक्ताबरोबर कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. मेंदूतही जाऊ शकतो."

हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. एका चाकातून सुटलेला कण पुढच्या चाकात जाऊन बसतो, हे तो जन्मभर बघत आला होता. फरक इतकाच की तिथे पुढचं चाकही उघडता यायचं. त्याने सही केली. मग डॉक्टरने अगदी सहज विचारलं, "आवाज कधीपासून दबला? अशा घरांत लोकांच्या लगेच लक्षात येतं. आणि तुम्ही तर..." पुढचं वाक्य तिने गिळलं. बाई भली होती.

औषध सुरू करायला थोडा वेळ होता. तिला पलंगावर बसती ठेवली होती, नाकाला प्राणवायूची नळी, आणि त्यामुळे तिच्या अंगात थोडी बोलायची ताकद आली होती. ताकद आली की ती बोलणारच.

"खरं सांगा," ती म्हणाली. "लाइन चालू आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस नाही."

तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं माझे कान गेले. म्हणून म्हणत राहिलो चालू आहे. आज तपासून आलो. कान चांगले निघाले."

 मग तिला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं किती कशाचं ते सांगता येणार नाही. "काय माणूस आहात हो," ती म्हणाली. "बायको बंद पडली, तर हे स्वतःचे कान तपासून आले."

"तू सांगायचं नाहीस का, धाप लागते म्हणून?"

"वय झालं म्हटलं. तुम्ही लगेच धावाधाव केली असती." तिने चादरीची कड चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली. दात काढायचा म्हणून तिने गोळी थांबवली होती, डॉक्टरांना विचारून, रीतसर. दात निघाला. दुसऱ्या दिवसापासून गोळी पुन्हा घ्यायची होती. पण हिरडीतून रक्त झिरपत होतं, उशीवर डाग पडायचे, आणि तिला भीती वाटली की गोळी घेतली तर हे थांबायचंच नाही. एक दिवस जाऊ दे म्हणाली. मग आणखी एक. "खातं माझं होतं ना, तुम्हाला कशाला सांगू? रोज सकाळी वाटायचं, आज घ्यायला हवी. मग तुम्हाला विचारायची. तुम्ही म्हणायचात, चालू आहे." चादरीची कड तिच्या चिमटीतून सुटली. "म्हटलं, चालू आहे तर वाळू दे हिरडी अजून थोडी."

तिच्या बोलण्यात दोष द्यायचा सूर नव्हता. एखादा फोन कुठल्या कुठल्या गावांवरून जोडला गेला ते सांगावं, तसं ती सांगत होती. घड्याळजीला वाटलं, हिने ओरडावं. उशी फेकावी. तिने त्याचा कान धरला, पोरासोरांचा धरतात तसा, आणि हलकाच पिळला. "चांगले निघाले म्हणे," ती म्हणाली. तेवढ्यात नर्स बाटली घेऊन आली. नर्सकडे बघून तिने आपला तो जुना ऑफिसातला आवाज लावला, "आपली तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" नर्सला काही कळलं नाही, पण ती हसली. हे तिचं शेवटचं पूर्ण वाक्य.

औषध थेंब थेंब जात राहिलं. खिडकीतलं ऊन पलंगाच्या एका पायावरून दुसऱ्यावर गेलं. घड्याळजी स्टुलावर बसून ऐकत होता. आयुष्यात त्याने इतकं कधी ऐकलं नव्हतं. यंत्रांचे आवाज, ढकलगाड्यांची खडखड, पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं, हे सगळं एकेक करून त्याने बाजूला काढलं, जसे स्क्रू काढून क्रमाने बशीत ठेवतात, आणि उरलं त्याला कान लावून बसला. कधीतरी ते चिखलातलं पाऊल थोडं सुकल्यासारखं झालं. मग आणखी. मग एकदम, नवं नाणं फरशीवर पडावं तसं, टक्. टक्. टक्. तो उठून उभा राहिला, स्टूल पडलं, नर्स धावत आली, आणि तो तिला म्हणाला, "ऐका! ऐका ना!" नर्सला काय ऐकू येणार? पण पडद्यावर दोन्ही पाकळ्या हलताना दिसल्या आणि डॉक्टर आली, तिने अंगठी फिरवायची थांबवली. घड्याळजी बायकोकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं सांगायला मिळणार म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. "अगं, चालू झाली. लाइन चालू झाली!"

ती त्याच्याकडे बघत होती. ओठांचा एक कोपरा हसला. दुसरा खालीच राहिला, कुणीतरी तिथे बोट ठेवून दाबून धरल्यासारखा. उजवा हात चादरीवर पडलेला होता तो उचलला गेला नाही. तिने तोंड उघडलं, काहीतरी सांगायला, आणि काहीतरी सांगण्यासारखं खूप होतं असं डोळ्यांवरून दिसत होतं. "हॅलो," ती म्हणाली. तिला ते ऐकून आश्चर्य वाटलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, जोर लावून. "हॅलो. हॅलो?"

तुकडा सुटला होता.

तेवढा एकच शब्द राहिला. डॉक्टर म्हणाली, फार वापरलेला शब्द कधीकधी राहतो, बाकीचे हळूहळू येतील, कदाचित येणारही नाहीत. बोलायला शिकवणारी बाई यायची, चित्रं दाखवायची. कप दाखवला की ही म्हणायची हॅलो. मांजर दाखवलं की हॅलो. शब्द चुकला हे तिला कळायचं. तोंडातून निघालं की कपाळाला हात लावायची, मग चुकलेल्याची दुरुस्ती म्हणून आणखी एक हॅलो. पाणी हवं, खिडकी लाव, भाजीत मीठ नाही, शेजारीण आगाऊ आहे, मला मरू द्या, सगळं त्या एका शब्दात, आणि सूर मात्र शाबूत, प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे घड्याळजीला बहुतेक कळायचं. चष्मेवाला भेटायला आला आणि बाहेर जिन्यात जाऊन रडला. "वहिनी फोनवरच बसल्यासारख्या वाटतात रे," तो म्हणाला. "पलीकडून कुणी बोलत नाही, आणि ठेवतही नाहीत."

गोळ्यांचं खातं आता घड्याळजीकडे आलं. दोन्ही खाती त्याचीच. गोळी तो स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवतो आणि गिळेपर्यंत उभा राहतो, आणि ती त्याच्याकडे अशी बघते की शब्द असते तर त्याची काही धडगत नव्हती. टिकटिक पूर्वीपेक्षा लख्ख झाली आहे. डॉक्टर म्हणते, झडप नव्यासारखी चालते आहे. ती बोलत नाही आणि झडप बोलते; ही थट्टा कधीकाळी आपणच केली होती, हे त्याला पहिल्यांदा आठवलं त्या दिवशी तो दुकान उघडून तसाच बाहेर फळीवर बसून राहिला. शहरभराच्या थापा मारल्या, त्यांतली नेमकी हीच खरी व्हायची होती. एका गिऱ्हाइकाने दहावं घड्याळ आणलं, किल्लीचं, आजोबांचं. घड्याळजीने ते कानाशी धरलं, डोळे मिटले. आजारी चाक लगेच सापडलं. सापडलं याचंच त्याला रडू आलं, आणि गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "एवढं खराब झालंय का?"

सकाळी तिला त्याच्या आधी जाग येते. रस्ता अजून जागा झालेला नसतो. ती डोळे मिटूनच म्हणते, "हॅलो?" आणि हा सूर त्याला बरोबर ओळखता येतो, इतकी वर्षं ऐकला आहे. तो म्हणतो, "चालू आहे." मग ती उठत नाही, कारण उठवायचं त्यालाच असतं.

एकदा मात्र त्याच्याने उत्तर देववलं नाही. तिने विचारलं, टिकटिक स्पष्ट होती, खोलीभर होती, पण त्याला 'चालू आहे' असं म्हणवेना. झडप अडली तेव्हाही हेच दोन शब्द होते, असेच, याच उशीवर. 

"हॅलो?" ती म्हणाली. थोडं थांबून, "हॅलो?"

मग तिचा डावा हात चाचपडत आला. त्याच्या खांद्यावरून गळ्याशी, गळ्यावरून गालाशी, गाल ओला लागला तिथे जरा अडला, आणि पुढे जाऊन त्याने कान शोधून काढला. चिमटीत धरला. पिळला, अगदी हलका. आणि कानासकट त्याचं डोकं ओढून तिने आपल्या छातीवर नेऊन ठेवलं.

टक्. टक्. टक्. टक्.

"चालू आहे गं," तो म्हणाला. "चालू आहे."

तिने कान सोडला नाही.